सर, उतरू का?

‘सर, उतरू का?’

रात्रीचे दोन वाजून गेले होते. आवाज मधूनमधून तुटत होता आणि मागे कुठलातरी ब्लोअर एकसारखा घरघरत होता. फोनवरचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी, दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदराबाहेर होता. कोळसा भरायला नंबर लागेपर्यंत त्याचं बल्कर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, नांगर टाकून उभं होतं, नववा दिवस. त्याच्या घड्याळात पावणेअकरा. बारा ते चार सेकंड मेटबरोबर अँकर वॉच, म्हणजे नांगरावरचा पहारा, साडेचारला अंथरुणावर, साडेसातला चीफ मेट, कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, पुन्हा डेकवर बोलावणार. मग संध्याकाळपर्यंत चिपिंग म्हणजे गंज खरवडणं, ग्रीसिंग, रंग. चौथा महिना चालू होता. काँट्रॅक्ट नऊ महिन्यांचं.

उतरू का म्हणजे साइन ऑफ करून घरी येऊ का. मी बारा वर्षं कॅडेटना, म्हणजे जहाजावरच्या शिकाऊ अधिकाऱ्यांना, शिकवतोय, नवी मुंबईजवळच्या एका प्री-सी संस्थेत. हा प्रश्न मला नवा नाही. तरी प्रत्येक वेळी पोटात खड्डा पडतो.

मी त्याला विश्रांतीचा नियम सांगितला. २४ तासांत किमान १० तास, ७ दिवसांत ७७. हा नियम त्याला माझ्याहून ताजा पाठ होता, कारण दोन वर्षांपूर्वी फळ्यावर मीच लिहून दिला होता. ‘फॉर्मवर दहा तासच लिहितोय सर,’ तो म्हणाला, ‘चीफ मेटनं तसंच भरायला सांगितलंय.’ मी म्हटलं, ॲलीवेमध्ये, केबिनबाहेरच्या बोळात, डीपीएचा नंबर लावलेला असतो, किनाऱ्यावरचा कंपनीचा तो माणूस अशा तक्रारींसाठीच असतो, त्याला फोन कर. थोडा वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग तो म्हणाला, ‘केला तर पुढचं जहाज मिळेल ना, सर?’

या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हतं. आज रात्री काही ठरवू नकोस, एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. नंतर झोप आली नाही.

मुलं समुद्रावर जायला का तयार होतात आणि का माघार घेतात, यावर जगभर बरंच लिहिलं जातं. पगार, घरच्यांचं मत, एकटेपण, सुरक्षितता, प्रशिक्षणाचा दर्जा अशी कारणांची यादी असते आणि ती खोटी नसते. पण वर्गात उभं राहून पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आम्ही ‘इच्छा’ ही मुलाच्या अंगातली वस्तू समजतो, उंची किंवा नजर असावी तशी. मुलाखतीत ती मोजायला जातो. ती तिथं नसतेच. ती घडते किंवा मोडते ती पहिल्या जहाजावर, पहिल्या चारपाच महिन्यांत, आणि बहुतेक वेळा एकदोन माणसांच्या हातून.

पहिल्या दिवशी मी वर्गात विचारतो, कशासाठी आलात? बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन आयएमयूची, म्हणजे सागरी विद्यापीठाची, सीईटी दिलेली, मेडिकलमध्ये डोळे आणि रंगांची ओळख पक्की ठरलेली अशी चाळीसेक मुलं समोर असतात. साताऱ्याकडच्या एका मुलानं सांगितलं होतं की त्याच्या गावातला एक जण बोटीवर आहे आणि त्यानं तीन वर्षांत दोन मजली घर बांधलं. नगरच्या एकानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ॲडमिशनच्या दिवशी, ठाणे खाडीवरच्या पुलावरून, आणि तो खाडीलाच समुद्र समजला होता. जेईई हुकली म्हणून आलेले असतात. पांढरा युनिफॉर्म आवडला म्हणून आलेले असतात. परवा एकानं करियर चॅनेलवर ऐकलेलं सगळं म्हणून दाखवलं: डॉलरमध्ये पगार, वर्षात निम्मे दिवस बाहेर काढले की एनआरआय, टॅक्स नाही. अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी एनआरआयचे दिवस ऐकून मला वाईट वाटलं, पण त्याला मी दोष देत नाही. त्याच्या वडिलांनी जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढलं होतं. पैशासाठी समुद्रावर जाणं यात कमीपणा नाही. कोकणातली निम्मी कौलारू घरं त्याच पैशावर उभी राहिली.

माझा अनुभव असा की पहिल्या दिवशीचं उत्तर पुढच्या वीस वर्षांबद्दल काहीच सांगत नाही. ‘लहानपणापासून समुद्राचं वेड’ सांगणारा एक मुलगा सात महिन्यांत परतला. खाडीला समुद्र समजणारा आज टँकरवर सेकंड मेट आहे.

माझं स्वतःचं कारण होतं ते आजोबा. रत्नागिरीच्या उत्तरेला आमचं गाव. आजोबा ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर सुकाणी होते. त्या काळी त्या बोटींवर डेकवरची माणसं बहुतेक आमच्या रत्नागिरीकडची आणि खाण्यापिण्याच्या खात्यात गोव्याची असत. आजोबांच्या बोलण्यात बोटीची सगळी उतरंड असायची: डेकवरच्या माणसांचा मुकादम सारंग, मग तांडेल, सुकाणी, कसाब, भंडारी, तळाला टोपास. सीडीसीला, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीला, ते नळी म्हणत, कारण पूर्वी ते कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायचे. आणि या सगळ्यांच्या वर मालम. बडा मालम म्हणजे आजचा चीफ मेट. तो गोरा. आजोबा चाळीस वर्षं बोटीवर काढून म्हातारे झाले, तरी बडा मालम हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली यायचा.

वालचंद हिराचंद आणि मंडळींच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून आपण त्या तारखेला सागरी दिन पाळतो. पण बोट आपली झाली म्हणून मालम आपले झाले नाहीत. त्यासाठी १९२७ साली मुंबईच्या बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज यावं लागलं. तिथून भारतीय मुलं अधिकारी होऊन बाहेर पडायला लागली. डफरिननंतर १९७२ मध्ये ‘राजेंद्र’, आणि १९९३ पासून नवी मुंबईत जमिनीवर ‘चाणक्य’. मी १९९४ मध्ये कॅडेट झालो तेव्हा आजोबांनी गावात पेढे वाटले. ‘आमच्या घरात मालम झाला,’ असं ते देवळात, एसटी स्टँडवर, कुणालाही सांगायचे. मी तेव्हा नुसता कॅडेट होतो, डेक घासत होतो. त्यांना ते पटायचं नाही.

त्या जुन्या पद्धतीत अन्याय भरपूर होता. गोऱ्या खलाशाच्या मानानं पगार कितीतरी कमी, राहायची जागा कोंदट, आणि सारंग भरतीत आपली दस्तुरी घ्यायचा ती वेगळी. तिचं मी गुणगान करणार नाही. पण सारंग माणसं आपल्या गावातून, आपल्या नात्यातून उचलायचा. पंधरासोळा वर्षांचा पोरगा पहिल्यांदा बोटीवर चढायचा तेव्हा तिथं त्याचा मामा असायचा, शेजारच्या वाडीतला कुणी असायचा. रात्री भंडाऱ्याकडे आपल्या चवीचं कालवण मिळायचं. पोरगा रडला तर तो आपल्या भाषेत रडायचा. आजोबा सांगत, ‘पहिल्या ट्रिपला मला उलट्या झाल्या तेव्हा तांडेलानं तीन दिवस माझं काम केलं. सारंगाला कळूच दिलं नाही.’

आज त्याच आकाराच्या किंवा त्याच्या दसपट मोठ्या जहाजावर वीसबावीस माणसं असतात. कॅप्टन एका देशाचा, बोसन (आजचा सारंग) दुसऱ्या, कुक तिसऱ्या. चारचार तासांच्या वॉचमध्ये विभागलेली माणसं एकमेकांना जेवणाच्या टेबलावरसुद्धा भेटत नाहीत. कंटेनर जहाज बंदरात काही तासच थांबतं. २००४ मध्ये बंदरांच्या सुरक्षेचा आयएसपीएस कोड लागू झाला आणि कितीतरी ठिकाणी गेटबाहेर पडणंसुद्धा अवघड होऊन बसलं. ‘जग पाहायला मिळेल’ म्हणून आलेल्या मुलाला ब्राझीलचं सॅंटोस बंदर दिसतं ते क्रेनच्या खांबांमधून. आणि त्या वीसबावीस माणसांमध्ये कॅडेट एकटा, कधीकधी दोघे. त्याचा मामा तिथं नसतो. त्याच्या वाट्याला मामा यायचा असेल तर तो चीफ मेटच्या किंवा सेकंड मेटच्या रूपातच येऊ शकतो.

माझ्या वाट्याला तसा एक आला होता. पहिल्या जहाजावर तिसऱ्या महिन्यात मी बॅग भरून ठेवली होती. सेकंड मेट तमिळ होता, कमी बोलायचा. एका रात्री वॉचवर त्यानं माझ्या हातात ताऱ्यांची उंची मोजायचा सेक्स्टंट दिला आणि म्हणाला, कॅनोपस शोध. मला सापडला नाही. त्यानं माझं तोंड दोन्ही हातांनी धरून आकाशात योग्य बाजूला वळवलं. नंतर रोज पहाटे एक तारा. मी नेव्हिगेशन शिकलो ते त्या महिन्याभरात. त्यानं माझी कुठली अडचण सोडवली नाही, कधी विचारपूसही केली नाही. पण त्याच्या लेखी मी तिथं होतो, आणि कामाचा होतो. बॅग मी कधी रिकामी केली ते आठवत नाही.

आता जे लिहितोय ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

२००८ साल. मी चीफ मेट, ब्राझीलमधल्या परानाग्वाला सोयाबीन भरायचं होतं. आधीचा माल कोळसा. कोळशानंतर धान्य भरायचं म्हणजे होल्ड, मालाची कोठारं, इतके स्वच्छ हवेत की पांढरा रुमाल फिरवला तर काळा व्हायला नको. फ्रेमच्या मागं, शिडीच्या पायरीखाली, हॅच कव्हरच्या रबराच्या खाचेत कुठंही कोळशाची भुकटी सापडली तर सर्व्हेअर होल्ड नापास करतो, जहाज ऑफ-हायर होतं, म्हणजे त्याचं भाडं थांबतं, आणि दर तासाला कंपनीचा फोन येतो. हवा खराब म्हणून धुण्याचे चार दिवस आधीच बुडाले होते. त्यात ते वर्ष तसं होतं. डिसेंबर २००७ मध्ये कोरियाजवळ नांगरून उभ्या असलेल्या ‘हेबेई स्पिरिट’ टँकरवर वाहत आलेला क्रेन बार्ज आदळला. तेल सांडलं आणि त्या टँकरच्या भारतीय कॅप्टनला नि चीफ ऑफिसरला दीड वर्ष तिथं अडकून पडावं लागलं. आम्ही सगळे चीफ मेट त्या वर्षी डोक्यावर काहीतरी टांगलेलं असल्यासारखे वावरत होतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतोय.

माझ्या हाताखाली एकोणीस वर्षांचा कॅडेट होता. सिंधुदुर्गातला. माझ्याच भाषेचा, खरं तर माझ्याच मातीतला. आदल्या दिवशी पहाटेपासून तो चार नंबरच्या होल्डमध्ये पाण्याच्या जेटवर होता. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर यायच्या दोन तास आधी मी खाली उतरलो तर तो टँक टॉपवर, होल्डच्या तळाशी, ओल्या पत्र्यावर, भिंतीला टेकून झोपलेला. बॉयलर सूट काळा, तोंड काळं. मी त्याला उठवलं. बोसन, दोन खलाशी आणि फिटरच्या देखत मी त्याला मराठीतून जे बोललो ते इथं लिहिणार नाही. मराठीतून बोललो, म्हणजे इतरांना शब्द कळले नाहीत आणि त्याला एकूण एक कळला. शेवटी म्हणालो, तुझ्यासारख्यांनी घरी आंबे राखावेत.

होल्ड पास झाला. पुढच्या बंदरात तो उतरला. पाठ दुखते असं कारण दिलं. मी त्याच्या ट्रेनिंग रेकॉर्ड बुकवर सही करताना वर पाहिलं नाही.

तेव्हा मला इतकंच वाटलं की मुलात दम नव्हता. इच्छाच नव्हती. बरीच वर्षं मी तसंच धरून चाललो. आजोबा ज्या बडा मालमचं नाव आवाज उतरवून घेत, तो त्या होल्डमध्ये मी झालो होतो, हे मला आजोबा गेल्यानंतर कळलं. समुद्र सोडून शिकवायला लागलो त्यामागं मुलीची शाळा आणि आईचं आजारपण ही कारणं होतीच, ती मी सगळ्यांना सांगतो. हे तिसरं.

म्हणून रात्री दोनला आलेल्या फोनवर मला नुसता त्या मुलाचा आवाज ऐकू येत नाही.

पहिल्या जहाजाच्या आधीही एक मोडणारी जागा असते, तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. वाट पाहणं. कोर्स संपतो, पासिंग आउट परेडला आईवडील गावाहून जीप करून येतात, फोटो निघतात. मग मुलगा घरी जाऊन बसतो. कंपनीची स्पॉन्सरशिप असली तरी जहाज मिळायला पुष्कळदा सहासात महिने लागतात. ज्यांच्याकडे स्पॉन्सरशिप नाही, किंवा जे सहा महिन्यांचा जीपी रेटिंग, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स करून बाहेर पडले, त्यांची वाट तर विचारूच नका. कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. शेजारी विचारतात, ‘काय, अजून इथंच?’ अशा वेळी कुणीतरी एजंट भेटतो. चारपाच लाखांत लगेच जहाज. नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेणं कायद्यानं बंद आहे, भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचं, आरपीएसएल हे भरतीचं लायसन्स लागतं आणि त्याचा नंबर वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. हे मी वर्गात दर महिन्याला सांगतो. पण सात महिने घरी बसलेल्या मुलाचा बाप नंबर तपासत नाही, तो दागिने मोडतो. मुलगा मग आखातातल्या एखाद्या जुन्या बोटीवर पोचतो आणि मालक पगार, डिझेल, पाणी सगळं बंद करून गायब होतो. २०२४ मध्ये अशा ३०० हून जास्त जहाजांवर ३,००० हून जास्त खलाशी बेवारस सोडले गेल्याची नोंद झाली. त्यात सगळ्यात जास्त भारतीय होते.

दुसरीकडे, मोठमोठ्या परिषदांमध्ये तुटवड्याची भाषा असते. २०२१ च्या जागतिक अहवालात २०२६ पर्यंत आणखी ८९,५१० अधिकारी लागतील असा आकडा दिला होता. मला हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे याचा संताप येतो. तुटवडा आहे तो अनुभवी माणसांचा. कॅडेटसाठी जहाजावर एक बंक द्यायचा, त्याला अठरा महिने शिकवायचं, हे करायची तयारी असलेल्या कंपन्या मोजक्या. झाड लावायचं नाही आणि फळ बाजारात का नाही म्हणून परिषद भरवायची.

इंटरनेटबद्दल आमच्या पिढीतली माणसं नाक मुरडतात. पूर्वी मेसमध्ये पत्ते रंगायचे, आता जो तो केबिनमध्ये मोबाइल घेऊन. खरं आहे. तरी मी पूर्णपणे इंटरनेटच्या बाजूनं आहे. आजी गेल्याचं मला बारा दिवसांनी कळलं होतं, सीमेन्स क्लबमध्ये फोनकार्ड टाकून घरी फोन लावल्यावर. कोविडच्या काळात २०२० च्या अखेरीस सुमारे ४ लाख खलाशी काँट्रॅक्ट संपूनही जहाजावर अडकले होते, काही जण वर्षाहून जास्त. त्यांना घरच्यांचं तोंड दिसत राहिलं ते स्क्रीनवरच. खलाशांच्या हक्कांच्या करारातली दुरुस्ती डिसेंबर २०२४ पासून लागू झाली, तिनं जहाजावरून घरच्यांशी संपर्काची सोय ही चैन नसून कर्तव्य ठरवली, हे उत्तम झालं. आज मुलं मुलाखतीत कंपनीलाच विचारतात, वायफाय किती जीबी? मला त्यात उद्धटपणा दिसत नाही. माझ्या काळी रिचर्ड्स बेहून तो फोन आलाच नसता. मुलगा मनातल्या मनात कुढत राहिला असता, नाहीतर न सांगता उतरला असता.

युद्धाचं वेगळं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात हुथींनी ‘गॅलक्सी लीडर’ पकडलं आणि त्यावरच्या माणसांना वर्षाहून जास्त काळ सोडलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये इराणनं ‘एमएससी एरीज’ ताब्यात घेतलं तेव्हा त्यावरच्या २५ जणांत १७ भारतीय होते, त्यात केरळची एक डेक कॅडेट मुलगी. ती आठवड्याभरात सुखरूप घरी आली. त्या आठवड्यात माझ्याकडे पालकांचे फोन सतत येत होते. मुलांचा एकही नाही. अठरा वर्षांच्या मुलाला क्षेपणास्त्राची भीती वाटत नाही, हे चांगलं की वाईट मला माहीत नाही. पण घरच्यांना वाटते, आणि आपल्याकडे मुलगा समुद्रावर जातो तो एकटा जात नाही, अख्खं घर जातं.

वर्गात आता दोनतीन मुली असतात. जगभरच्या खलाशांत बायकांचं प्रमाण २०२१ मध्ये जेमतेम १.२ टक्के होतं, त्या मानानं बरंच म्हणायचं. मी त्यांना कॅप्टन राधिका मेनन यांच्याबद्दल सांगतो. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात उंच लाटांमध्ये ‘संपूर्ण स्वराज्य’ हे जहाज पुन्हा पुन्हा वळवून त्यांनी बुडत्या होडीतले सात मच्छीमार वर घेतले आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री ठरल्या. मुली ऐकतात, त्यांचे डोळे चमकतात. मग वर्ग सुटल्यावर एखादी टेबलाजवळ येते आणि हळूच विचारते, ‘सर, केबिनचं दार आतून नीट लागतं ना?’

मुलांपैकी कुणी मला हा प्रश्न कधी विचारला नाही. १ जानेवारी २०२६ पासून जहाजावरच्या छळाबद्दलचं शिक्षण प्रत्येकाच्या पहिल्या सुरक्षा कोर्समध्ये सक्तीचं झालंय. ते मी मन लावून शिकवतो. पण जे शिकायला हवेत ते माझ्या वर्गात नाहीत. ते चार पट्ट्या लावून ब्रिजवर उभे आहेत, आणि त्यातल्या काहींच्या हाताखाली मीच काम केलंय, काहींना मी घडवलंय.

रिचर्ड्स बेचा मुलगा त्या रात्री उतरला नाही. मी रोज फोन करत राहिलो. डीपीएला त्यानं कळवलं नाही आणि मी कळवलं तर त्याचंच नाव पुढं येईल म्हणून मीही गप्प बसलो. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. पाच आठवड्यांनी सिंगापूरला तो साइन ऑफ झाला.

तीन महिने घरी होता. मग त्याच्या आईचा फोन आला. ‘सर, कंपनी दुसरी बोट देत्येय. ह्याला धाडू की नको? हा काय बोलतच नाही. बागेत जातो नि येतो.’ मी म्हटलं, वहिनी, फोनवर नको, मी येतो.

त्यांचं घर गुहागर तालुक्यात, तवसाळजवळ. जानेवारीचा शेवट, आंबा मोहोरावर होता. जेवण झालं. कुळथाचं पिठलं, भात, बांगडा. त्याचे वडील शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. कर्ज किती राहिलं ते त्यांनी न विचारता सांगितलं आणि लगेच म्हणाले, ‘पण त्याचा विचार त्यानं करू नये.’ मुलगा ताटाकडे बघत होता. मी त्याला समुद्रावर परत जा असं सांगायला गेलो नव्हतो, जाऊ नको असंही नाही. जेवताना मी त्याला परानाग्वाच्या होल्डची गोष्ट सांगितली. सगळी, बोललेल्या शब्दांसकट. त्याच्या आईवडिलांसमोर. त्यानं एकदाच विचारलं, ‘त्याला परत भेटलात?’ मी नाही म्हणालो.

दुपारी आम्ही चौघं फेरीबोटीनं जयगडला गेलो, दीपगृहाच्या बाजूला. त्याच्या आईला तिकडच्या देवळात ओटी भरायची होती. कड्यावर वारा होता. खाली, बंदराच्या तोंडापासून बऱ्याच अंतरावर, दोन बल्कर नांगरून होती. मी दगडावर बसलो. तो उभा राहिला.

‘अलीकडचं लोडेड आहे,’ तो म्हणाला. ‘मार्क्सपर्यंत बसलंय. कोळसा असणार.’

मी हं म्हटलं. पलीकडच्याचा लाल पट्टा पाण्यावर उंच दिसत होता, ते मलाही कळत होतं. त्यापुढचं माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याची आई ओटीचं ताट घेऊन आमच्यामागं येऊन थांबली होती.

‘बॉल खाली घेतला त्यांनी,’ तो एकदम म्हणाला.

‘काय झालं?’ आईनं विचारलं.

‘पुढच्या बाजूला काळा गोळा लावतात आई, नांगरावर असलं की. तो उतरवला. नांगर उचलला.’

‘म्हणजे चालली बोट?’

‘नाही. आत येतंय. पायलट चढला असेल. ते बघ टग निघाले.’

त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

‘सोळा वीस,’ तो स्वतःशीच म्हणाला.